बेटावर उघडा राहिलेला नळ

२९ जानेवारी, गुरुवार. गारखेडा

ठरलं म्हणजे ठरलं. अंबिकाला अंदमानला न्यायचं.

तिच्या नवऱ्याला, मल्हारीभाऊंना जाऊन वर्ष झालं, पण ही बाई माझ्यासमोर एकदा मोकळी रडली असेल तर शपथ. नुसती हसत असते. परवा गल्लीतल्या हळदीत नाचलीसुद्धा. लोक म्हणतात, सावरली. मला विचारा, असं हसणारं माणूसच आतून जास्त खचलेलं असतं. तिला कुठंतरी लांब नेऊन एकदाचं रडवायचं, असा माझा निश्चय आहे.

बुकिंग समोरच्या मोनिकानं केलं. पार्लर चालवते, आमच्याहून बरीच लहान, पण कामाला लई चोख. मी आधी नायच म्हणत होते. घर कोण बघणार, पाणी कोण भरणार? तर मोनिका म्हणली, "मंजूताई, तुम्ही नाय आल्या तर अंबिकाताई पण येणार नाय. त्यांनी साफ सांगितलंय." मग काय करता! एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे.

यांना जेवताना सांगितलं. घास हातातच राहिला. "आणि पाणी?" म्हणले. मी कुठं राहीन, काय खाईन, विमानात घाबरेन का, काही नाय. पाणी!

यांचंही चूक नाय म्हणा. आमच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येतं आणि वेळेचा नेम नाय. पाण्याच्या वाराला मी नळ उघडाच ठेवते, खाली पालथं पातेलं. धार पडली की टण्णकन वाजतं आणि मी घरात कुठंही असले तरी पळते. सासूबाईंच्या आजारपणात कान तसेच तयार झाले. त्यांना काही लागलं की त्या पेला खाटेच्या लोखंडावर वाजवायच्या. नऊ वर्षं मी या दोन आवाजांवर चाललेय. आई, गल्लीच्या सरूकाकू, दिवाळीनंतर गेल्या. पेला अजून खिडकीतच आहे, उचलायला वेळ झाला नाय.

१ फेब्रुवारी, रविवार

आज बिभीषण भाऊजी आले होते. दोघा भावांनी बसून ठरवलं की शिवरात्र झाली की फर्दापूरच्या कडूआत्यांना आमच्याकडं आणायचं. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. मूलबाळ नाय, एकट्या राहतात, थंडीत कंबर धरली तेव्हापासून काठीशिवाय उठता येत नाय. भाऊजी म्हणले, "वहिनीला सवय आहे. दुसऱ्या कुणाला जमणार नाय." हे म्हणले, "खोली पण रिकामीच आहे."

बरंच झालं. खरंच रिकामी आहे. खाट आहे, गादी आहे, उन्हात घालायची तेवढी. दुपारी मला काय करावं ते कळतच नाय हल्ली. चारला मी अजून दोन कप चहा टाकते, मग दुसरा मीच पिते. आत्या आल्या की तो तरी वाया जाणार नाय. मी हो म्हणलं.

संध्याकाळी फिरताना अंबिकाला सांगितलं. ती चालता चालता मधेच थांबली. मल्हारीभाऊंची आठवण आली असणार बिचारीला. मी विषय बदलला.

५ फेब्रुवारी, गुरुवार. नील बेट

पोचलो. दोन विमानं आणि वर बोट. बोटीत मोनिकानं मान टाकली. मी लिंबू, सुंठ, पिशव्या सगळं घेऊन आले होते म्हणून निभावलं.

बेट एवढंसं आहे. रिसॉर्ट म्हणजे नारळाच्या बागेत सहा खोल्या, पुढं वाळू, मग समुद्र. पाणी असं निळं की आमच्या गल्लीत कुणाला फोटो दाखवला तर म्हणतील, रंग भरलाय. मालकीण बंगाली बाई, सगळे तिला दीदी म्हणतात. बाई शांत आहे.

दुपारी झोपाळ्यात पडा म्हणून मोनिकानं मला ढकललंच. पडले. पण नारळाची झावळी पत्र्यावर आपटली आणि मी "आले, आले!" म्हणत उठून बसले. मग परत काही पडवलं नाय. दीदीकडं गेले आणि तिच्या भाज्या निवडून दिल्या. मोनिका शोधत आली. "ताई, आराम करायला आलोय ना आपण?"

"बसूनच तर निवडतेय," मी म्हणलं.

अंबिका खुशीत आहे. नारळपाणी काय पिते, फोटो काय काढते. वरवरचं आहे सगळं. मी लक्ष ठेवून आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अंबिका समुद्रात पोहली! साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला आणि सरळ आत. तिचं माहेर खुलताबादच्या पलीकडं, मेंढरांमागं फिरणारं घर. लहानपणी चुलत्यानं पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत सोडलं होतं म्हणे. मोनिकानं फुगवलेलं चाक घेतलं. मी गुडघाभर पाण्यात दोघींच्या चपला, टॉवेल आणि चष्मा धरून उभी राहिले. कुणीतरी सांभाळायला पाहिजेच.

अंबिका ओलीचिंब माझ्यापाशी आली. "मंजे, ठेव त्या चपला खाली. कुणी नेत नाय."

"राहू दे. तू पोह."

"तू इथं कामून आलीस गं?"

"तुझ्यासाठी," मी म्हणलं. लपवायचं काय त्यात?

तिनं मोनिकाकडं बघितलं, मोनिकानं तिच्याकडं. मग दोघीही पाण्याकडं बघत बसल्या. मला वाटलं आता रडेल. तर नाय, परत पोहायला गेली.

जेट्टीवर फोनला रेंज येते. यांचा फोन आला होता. घरी पाणी आलं होतं, पण मोटर चालू करता आली नाय, म्हणून बादल्याच भरल्या. "तू कधी येतेस?" म्हणले. वर हेही, की आत्यांची खाट खिडकीकडं ठेवायची की दाराकडं, ते तू आल्यावर सांग.

७ फेब्रुवारी, शनिवार

कुठं तोंड लपवू असं झालंय. पण लिहिते.

सकाळी बेटावरची लाइट गेली. नळ सोडला तर कोरडा. माझा हात आपोआप चालला. नळ पूर्ण उघडा, खाली बादली पालथी, पाणी आलं की वाजेल. तेवढ्यात मोनिका ओरडली, काचेच्या तळाची बोट सुटतेय, चला! मी चपला घालून पळाले. बोटीत बसून रंगीत मासे बघितले, दोन वेळा वाटलं की काहीतरी राहिलंय. मला वाटलं चिवड्याची पिशवी.

परत आलो तर आमच्या दारातून ओहोळ वाहत होता. लाइट लगेच आली होती. पाणी बादलीवर वाजत राहिलं असेल, ऐकायला होतं कोण? वरची टाकी रिकामी, खालचीही पार तळाला. आणि या बेटावर गोडं पाणी टँकरनं येतं! पुढचा टँकर परवा. म्हणजे मी आठवड्यानं पाणी येणाऱ्या गावातून उठून, समुद्र ओलांडून, दुसऱ्याचं पाणी सांडायला आले.

शेजारच्या खोलीतला नवा नवरदेव डोक्याला साबण लावून टॉवेलवर बाहेर उभा होता. दीदी पायरीवर कपाळाला हात लावून बसली होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी तिच्यासमोर हात जोडले. "दीदी, गलती मेरी है. मैंने नल खुला छोड़ा."

"क्यों छोड़ा?" ती म्हणली.

आता हे बंगाली बाईला कसं समजवायचं? "हमारे यहाँ खुलाच रखते हैं," मी म्हणलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की बास.

पण नुसतं रडत बसणारी मी नाय. विचारलं, विहीर आहे का? मागं होती, जुनी, जराशी मचूळ, बागेपुरती वापरातली. मी पदर खोचला. अंबिकाला रहाटावर उभं केलं, मोनिकाला निम्म्या वाटेवर, आणि मी खोल्यांत बादल्या पोचवायला लागले. प्यायचं दीदीकडं बाटल्यांत होतं, बाकी अंघोळीचं, भांड्यांचं सगळं आम्ही भरलं. नवरदेवाचं डोकं आधी धुतलं. सहाही खोल्या झाल्या. माझे हात भरून आले, पण खरं सांगू? इथं आल्यापासून पहिल्यांदा मला लई बरं वाटलं. मी गाणं गुणगुणत होते म्हणे. मोनिकानं नंतर सांगितलं.

शेवटच्या खेपेला मी म्हणलं, "उद्याचं पण आत्ताच भरून ठेवू. पिंपं आहेत का बघते."

अंबिकानं दोर सोडून दिला. बादली खाली जाऊन आदळली.

"बास कर मंजे! एवढ्या लांब आणलं तुला, तर तू इथंबी पाणीच भरायलीस!"

"मला कुठं आणलं? तुला आणलंय," मी म्हणलं.

"मला? माझं रडून झालं गं माय. वर्षभर रडले. मोनिकाच्या पार्लरमधी बसून रडले, शेतात रडले. तुझ्यासमोर तेवढी नाय रडले. कामून सांगू? माझ्या डोळ्यांत पाणी बघितलं की तू चहा टाकायला उठतीस. माणसानं रडावं कुणापाशी?"

मी मोनिकाकडं बघितलं. ती चपलेनं वाळू उकरत होती. म्हणली, "तुम्ही स्वतःसाठी आल्या नसत्या ताई. म्हणून त्यांचं नाव सांगितलं."

"सरूकाकू गेल्या तव्हा तू काय करत होतीस?" अंबिका थांबायलाच तयार नाय. "मयतीला आलेल्या माणसांचं पाणी बघत होतीस. आन् आता म्हनं दुसरी म्हातारी. तिला नाय म्हनायची तुझ्यात धमक नाय, आन् तू म्हनतीस सवय हाय!"

मी बादली तिथंच ठेवली आणि खोलीत आले. दोघींशी बोलायचं नाय, असं ठरवलंय. फसवून आणलं मला. जेवलेही नाय.

८ फेब्रुवारी, रविवार

बोलले नाय.

एकटीच वाळूत बसले. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. अंबिका काय समजते स्वतःला? मला धमक नाय? नऊ वर्षं एका बाईचं सगळं केलं, अंगाला एक जखम होऊ दिली नाय. डॉक्टर म्हणायचे, असं घरी कुणी ठेवत नाय.

आई गेल्या तो पाण्याचा वार होता. सकाळची वेळ. माझ्या मांडीवर डोकं होतं, माझ्या हातानं शेवटचं पाणी गेलं पोटात. मी त्यांचे केस सारखे केले. तेवढ्यात पातेलं वाजलं. उठावंच लागलं, घरात माणसं येणार होती, त्यांना पाणी लागणार होतं. सगळं भरून झालं आणि येऊन बघते तर आईंच्या भोवती बायका बसल्या होत्या, मला जागाच नव्हती. मग मी चहाचं बघितलं. तेव्हा रडायचं जे राहिलं ते राहिलंच. नंतर वाटलं, आता काय, वेळ निघून गेली.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. अंबिकाला कसं कळलं मग? तिथंच बसली होती ना ती, त्या बायकांत.

आत्यांना आणल्यावर काय होईल तेही डोळ्यांसमोर आलं. तोच पेला, तीच खाट. मी एकोणपन्नासची आहे. आईंचं करायला लागले तेव्हा चाळिशीत पाऊल टाकलं होतं. आत्यांचं संपेल तेव्हा माझीच कंबर धरलेली असेल. आणि आत्या मरायची वाट बघत मी त्यांचं करावं, हे तरी त्यांना चालेल का?

मी मनापासून हो म्हणलंच नव्हतं. रिकाम्या दुपारींना घाबरून म्हणलं होतं. लिहिलं एकदाचं.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळीच जेट्टीवर गेले. अंबिका आणि मोनिका मागून येत होत्या, मी येऊ दिलं. यांना फोन लावला. एका हातानं कठडा धरला.

"अहो, आत्यांना आपल्याकडं आणायचं नाय."

"म्हणजे? मग कुठं न्यायचं?"

"ते तुम्ही दोघा भावांनी बघा. आत्या तुमची आहे. मी भेटायला जाईन, चार दिवस राहीनसुद्धा. पण रोजचं मी करणार नाय."

"तुला तर सवय आहे ना..."

"सवय आहे म्हणूनच."

"आणि ती खोली काय रिकामी ठेवायची?"

"ती खोली मला पाहिजे."

"तुला? कशाला?"

आता ते मलाच माहीत नाय. तसंच सांगितलं. "माहीत नाय. ठरवायला पाहिजे म्हणून पाहिजे." त्यांनी फोन ठेवला. रागानंच ठेवला. हे रागावले की दोन-तीन दिवस बोलत नाहीत, आणि मी मग शिरा करते. या वेळी शिरा नाय.

मग वाटलं, नाय म्हणायचं तर तोंडावर म्हणावं. दुसऱ्याच्या तोंडून आत्यांना कळलं तर जन्मभर लागेल. फर्दापूरला फोन लावला. आत्यांना कमी ऐकू येतं, मी ओरडून बोलत होते, अख्खी जेट्टी ऐकत होती.

"आत्या, मी मंजुषा. रागावू नका. मी तुम्हाला माझ्याकडं आणू शकत नाय. माझ्यानं आता होणार नाय."

पलीकडं कोंबड्या ओरडत होत्या. मला वाटलं ऐकू गेलं नाय. मग त्या म्हणल्या, "मला तरी कुटं यायचंय? मला इचारलं का कुनी?"

"भाऊजी बोलले नाहीत तुमच्याशी?"

"कपडे बांधून ठिव म्हनला. म्या म्हनलं, माझ्या कोंबड्या कोन बघंल? तर हासला. आन् तुमच्याकडं पानी आठ दिसांनी येतं म्हनं. इथं माझ्या दारात हापसा हाय! सकाळच्याला अंग धुवाया, भाकर टाकाया एक बाई लावून द्या म्हनावं, मला बास हाय."

मला हसू आलं. मग आत्या म्हणल्या, "मंजू, सरूनं मरायच्या आधी मला फोन लावला व्हता. लई रडली. म्हनली, पोरीची उमर माझ्या खाटंपाशी गेली. मी गेले की तिला म्हनावं, आता बस जरा. म्या सांगायची राह्यले बघ. बस आता."

फोन कसा ठेवला आठवत नाय. तिथंच जेट्टीवर खाली बसले आणि रडले. आईंसाठी रडले. मोठ्यानं, नाक वाहीपर्यंत. बोटीसाठी थांबलेले लोक बघत होते, बघू देत. अंबिका एका बाजूला बसली, मोनिका दुसऱ्या. कुणी पाणी आणलं नाय, कुणी चहा विचारला नाय. नुसत्या बसल्या. लई बरं केलं त्यांनी.

टँकर आला होता. दीदीनं आमच्या दारावर कागद चिकटवला होता, "नल बंद है क्या?" आणि मला बघून पहिल्यांदा हसली. तिच्याकडून तेलाचा रिकामा कॅन मागून घेतला. अंबिकानं तो आपल्या ओढणीनं माझ्या पाठीला आवळून बांधला, तिच्या चुलत्यानं बांधला तसा. एकोणपन्नास वर्षांची बाई, पाठीवर कॅन. मोनिका वाळूत लोळून हसली. तिला म्हणलं, "दात काय काढतीस? चपला धर आमच्या."

आणि मी पाण्यात गेले. गळ्यापर्यंत. बुडाले नाय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. गारखेडा

हे अजून घुश्शातच आहेत. कामापुरतं बोलतात. पण काल दोघा भावांनी फर्दापूरला जाऊन शेजारची एक बाई ठरवली. आत्यांनी माझ्यासाठी अंडी पाठवली. भाऊजी म्हणले, "वहिनी बदलल्या." मी म्हणलं, "हो."

आईंच्या खोलीतली खाट भिंतीला उभी करून ठेवली. पेला धुऊन, पुसून देवाजवळ ठेवला. खिडकीखाली सतरंजी टाकली. तिथं बसून काय करायचं ते अजून ठरलं नाय. अंबिका म्हणते, घाई कामून करतीस. चारला चहा टाकला, एकच कप. दुसरा टाकायला हात गेला होता, मागं घेतला.

पाच वाजता पातेलं वाजलं. टण्ण. पाण्याचा आज वारच होता, नळ मीच सकाळी उघडून ठेवला होता. मी सतरंजीवर पडले होते. गुडघे उचलले गेले, मग परत खाली ठेवले.

"अगं, पाणी आलं!" हे बाहेरून ओरडले.

"ऐकलं," मी म्हणलं. "भरा."

धार पातेल्यावर वाजत राहिली. मग पातेलं बाजूला सरकलं. बादली आली. मोटर दोनदा घरघरून बंद पडली. तिसऱ्यांदा लागली. यांनी पिंप नळाखाली ओढलं. आधी खालचा हौद भरायचा असतो, मग पिंप, नायतर वर चढवायला पाणी पुरत नाय. जिभेवर आलं होतं. नाय सांगितलं.

हौदाचं झाकण उघडायचा आवाज आला. मी डोळे मिटले.